दाणाभर उतरलेला सूर

युसूफ वडगाव,
६ जुलै

मामांना सुकन्याचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. पोस्टात पाकीट मागितलं तर पोस्टमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोरटाचं काम हाय का?" म्हटलं, न्हाई, मामाला पत्र लिहायचंय. त्यांचा काही विश्वास बसला नाही.

फोन चार वेळा केला. चारही वेळा मंगलमामींनी उचलला आणि चारही वेळा तुम्ही प्रॅक्टिसला गेलेले. शेवटी आईच म्हणाली, "त्याला फोन नगं करूस. पत्र टाक. त्याला वाचायला बरं पडतंय." मिलिटरीच्या माणसाला सगळं लेखी लागत असेल, म्हणून लिहायला बसले.

आबांच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला अमरसिंह मागच्या वर्षी डीजेवाल्याकडं गेला. तिथं फुंकावं लागत नाही, बटण दाबून उभं राहायचं. इकडं वरातीची तारीख घेतलेली आणि वाजवायला माणूस नाही. तुमचं जुनं क्लॅरिनेट मी आठवीपासून घरात वाजवतच होते, म्हणून आबांनी मलाच उभं केलं. एका हंगामात चौदा लग्नं वाजवली मामा. पहिल्या लग्नात लोक नवरदेव सोडून मलाच बघत होते. एक म्हातारी आबांना म्हणाली, "सुग्रीवा, पोरीला वरातीत कावून नाचवतो रं?" आबा म्हणाले, "ती वाजवती. नाचतंय ते तुमचं पोरगं हाय." तेव्हापासून कुणी काही बोललं नाही.

आता मुद्द्याचं. हवाई दलाच्या बँडची भरती निघणार आहे. मुलींनाही घेतात. वाद्य आपलं आपण न्यायचं. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर चौघांतल्या एकालाच ठेवतात. दुसरीकडं अंबाजोगाईच्या नर्सिंगला अर्ज केलाय, आणि मार्क बघता नंबर लागेल. आईला नर्सिंग पाहिजे. आबा म्हणतात, "अजिनाथला इचार, त्यो सांगल ते."

मला वरातीचा कंटाळा आलाय. चार तास उन्हात, दारू प्यालेल्यांच्या धक्क्यात, एकच गाणं अकरा वेळा. पण वाजवण्याचा कंटाळा आलेला नाही. मला नीट उभं राहून वाजवायचंय, जिथं माणसं ऐकायला येतात तिथं. मामींच्या मोबाइलवर तीन रेकॉर्डिंग पाठवली आहेत. ती ऐका आणि खरं सांगा, मी तिथं चालेन का? तुम्ही नाही म्हणालात तर मुकाट्यानं नर्सिंगला जाईन.

तुमची,
सुकन्या

*

जबलपूर छावणी,
१८ जुलै

चि. सुकन्या,

पत्र मिळालं. तुझं अक्षर माझ्या बहिणीसारखं आहे, ओळ सोडून वर चढणारं.

माणसं ऐकायला येतात तिथं वाजवायचंय म्हणतेस. बावीस वर्षांत असं ठिकाण मला फार वेळा भेटलं नाही. परेडला तीन तास उन्हात उभं राहून वीस मिनिटं वाजवायचं. मेसमध्ये साहेबलोक जेवताना कोपऱ्यात वाजवायचं, आणि तिथं चांगलं वाजलं याची खूण अशी की कुणी मान वर करून बघत नाही. कुणी गेलं तर त्याच्या शवपेटीमागून संथ चालीनं वाजवत जायचं. बाकीचा वेळ पितळ घासायचं. लढाईची वेळ आली तर बँडवाला वाद्य ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो. जखमी माणूस कसा उचलायचा ते आम्हाला शिकवलेलं असतं. हे तुझ्या आईला सांग, म्हणजे नर्सिंग आणि बँड यांत तिला वाटतं तेवढं अंतर नाही हे कळेल.

तुझं हवाई दल आमच्याहून वेगळं असेल, पण पितळ तिथंही पितळच.

रेकॉर्डिंगचं म्हणशील तर मोबाइलवर सगळेच चांगले वाजवतात. मला दुसरं काही कळव. चालता चालता एका श्वासात किती पावलं सूर धरता येतो? खालच्या ओठाला आतून दाताचा वण पडतो, तो मधोमध आहे की एका अंगाला? तासाभरानं आधी काय थकतं, ओठ की उजवा अंगठा? ही उत्तरं खरी दे. ऐकण्यापेक्षा मला यातून जास्त कळतं.

आणि चालायला शीक. वरातीत माणूस चालत नाही, सरकतो. इथं मिनिटाला एकशेवीस पावलं पडतात, सगळी सारखी, आणि नाचणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. सोबत स्वरलिपीची दोन पानं माझ्या हातानं लिहून पाठवली आहेत. आपण सगळे कानावर वाजवणारे, पण तिथं कागद समोर ठेवून वाजवायला सांगतात. मला ते शिकताना रडू आलं होतं, तुलाही येईल.

एक फोटो पाठवतोय. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा मी.

दाजींना नमस्कार सांग. तुझ्या आईला, सारजाला, सांग की जेवण वेळेवर होतं.

मामा

*

युसूफ वडगाव,
२ ऑगस्ट

मामांना नमस्कार.

फोटो आबांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. येईल त्याला दाखवतात, "ह्यो तिसरा. आपल्याच बँडमधून गेलेला."

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पहिल्या दिवशी एका श्वासात अठरा पावलं झाली, आता एकतीस होतात. वण मधोमध आहे. आधी अंगठा थकतो, ओठ त्याच्यानंतर.

रोज सकाळी मारुतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत वाजवत चालते. चंद्रभागाबाई शेळ्या घेऊन जाताना थांबून बघते. परवा विचारत होती, "लगीन कुनाचं हाय ग?" सांगितलं, कुणाचंच नाही. म्हणाली, "मग एवढ्या घाईनं कुठं चाललीस?" तिचंही बरोबर आहे म्हणा. चौकात आले की पाय आपोआप थांबतात, कारण चौकात नाचतात. आबा ओट्यावरून ओरडतात, "चल बे, पुढं चल!" ते मला पोरगंच समजून ओरडतात.

स्वरलिपी वाचता येते, पण बोट ठेवून. रडू आलं. दोनदा.

आता अडचण. नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलंय. अठरा तारखेच्या आत मूळ कागद कॉलेजात जमा करायचे. एकदा दिले की लवकर परत मिळत नाहीत. भरतीला तेच मूळ कागद दाखवावे लागतात. म्हणजे दोन्हीकडं पाय ठेवता येत नाही. आई भाकरी जोरात थापते. मला दोन्ही बाजूंनी विचार करून थकायला झालंय.

तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण हो की नाही ते लिहिलं नाहीत. रेकॉर्डिंगबद्दल तर अवाक्षर नाही. आमच्या घरात यातलं कळणारे तुम्ही एकटेच. अठराच्या आत एक शब्द लिहा.

सुकन्या

*

जबलपूर छावणी,
१० ऑगस्ट

चि. सुकन्या,

ऐकलं. तिन्ही ऐकली. सूर स्वच्छ आहे, हात चांगला आहे. भरतीला जा.

मामा

*

युसूफ वडगाव,
२१ सप्टेंबर

मामा,

परवा बेंगलोरहून आले. झालं नाही. कसं झालं ते सांगते, कारण तुम्हाला ते माहीत असायला पाहिजे.

धावण्यात पास झाले. कागद वाचून वाजवलं, दोन ठिकाणी अडखळले, पण पार पडलं. मग आपल्या आवडीचं वाजवायला सांगितलं. समोर तिघं होते, दोन साहेब आणि एक मॅडम. चांगलं चाललं होतं. मधेच एका साहेबांनी हात वर केला. वरातीत हात वर झाला की त्याचा अर्थ एकच, परत! मी पुन्हा पहिल्यापासून धरलं, तेही आवाज चढवून. साहेबांनी दुसरा हात वर केला. मला वाटलं, लईच आवडलंय. मॅडम उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बेटा, बस. हाथ मतलब बस." दोघं साहेब हसले. मीही हसले. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग त्यांनी सुईचं एक छोटं मशीन टेबलावर ठेवलं आणि एक स्वर लांब धरायला सांगितला. सूर बरोबर असला की सुई मधे उभी राहते. माझी डावीकडं पडून राहिली. म्हणाले, क्लॅरिनेटचे जोड आत दाबा. दाबायला जागाच नव्हती. म्हणाले, वाद्य गार असेल, दहा मिनिटं वाजवून गरम करा. केलं. सुई थोडी हलली आणि परत तिथंच.

मॅडमनी क्लॅरिनेट सोडवलं. फुंकायच्या टोकाखालचा तो लाकडी तुकडा काढून उजेडात धरला आणि विचारलं, "ये किसने बनवाया?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, मामांनी. तो तुकडा तुम्ही केजच्या सुताराकडून बाभळीचा करून घेतला होता, हे आबांनी मला शंभरदा सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, तो गव्हाच्या दाण्याएवढा जास्त लांब आहे, म्हणून सगळे स्वर खाली येतात. बाकी बँडबरोबर कसं जुळतं, असं विचारलं. म्हटलं, आबा सगळ्यांना क्लॅरिनेटशी जुळवून घ्यायला लावतात. म्हणजे आमचा अख्खा बँड इतकी वर्षं खालीच वाजतोय, आणि आम्हाला पत्ता नाही.

मग त्यांनी विचारलं, इथं यायच्या आधी कुणी तुझं ऐकलं नाही का? मी सांगितलं, मामांनी ऐकलंय, ते बावीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये आहेत. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांनी काही बोलायला पाहिजे होतं असं मला फार वाटलं.

मॅडम म्हणाल्या, वयात अजून एक वर्ष बसतेस, नीट वाद्य घेऊन ये. नर्सिंगच्या जागा भरल्या. लातूरपासून एसटीत कागदांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. आईनं दारात बघितलं आणि चहा टाकला. ती रागावलीही नाही, त्याचाच जास्त राग आला.

मामा, ती सुई कुणालाही दिसली असती. तुम्ही तर नुसत्या कानानं ओळखायला पाहिजे होतं. तुम्ही खरंच ऐकलं होतं का? हो की नाही, तेवढंच लिहा.

सुकन्या

*

जबलपूर छावणी,
४ ऑक्टोबर

सुकन्या,

नाही.

तेवढंच लिही म्हणालीस, आणि तेवढं लिहून पान चार दिवस तसंच ठेवलं होतं. पण ते अर्धवट आहे.

मला ऐकू येत नाही. डाव्या कानानं सहा वर्षांपासून, उजव्यानं तीन. एका दिवसात झालं नाही. इतकी वर्षं माझ्या पाठीमागं ट्रम्पेट आणि बाजूला ड्रम. आधी बासरी ऐकू येईनाशी झाली, मग पाखरं, मग मंगलचं बोलणं. आमच्या तपासणीत डॉक्टर सहा मीटरवर उभा राहून कुजबुजतो आणि आपण तो शब्द परत सांगायचा. दोन वर्षं मी त्याच्या ओठांकडं बघून सांगत गेलो. तिसऱ्या वर्षी नवा डॉक्टर आला. म्हणाला, भिंतीकडं तोंड करा. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो, बराच वेळ. मग त्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की तपासणी संपली.

तेव्हापासून मी स्टोअरमध्ये आहे. वाद्यं पुसतो, तेल घालतो, फुंकायच्या रीडच्या पट्ट्या मोजून देतो. फोटो जुना आहे. आता त्या रांगेत डावीकडून तिसरा दुसराच आहे.

तुझी रेकॉर्डिंग आली तेव्हा मी मोबाइल दातांना लावून बसलो होतो. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात टोकाला टेकतात, तिथून थरथर डोक्यात जाते. तेवढं मला अजून कळतं. मोबाइलमधून काहीच आलं नाही. मंगलनं ऐकलं आणि म्हणाली, "छान वाजवती पोरगी." तिच्या कानानं मी तुला निकाल लिहिला. मंगलला गाण्यातलं किती कळतं ते तुला माहीत आहे.

का लिहिलं? तू लिहिलंस की घरात यातलं कळणारे तुम्ही एकटेच. ते वाचून मला खरं लिहवेना. मला ऐकू येत नाही हे कळलं तर मी बँडवाला कसला, नुसता गोदामवाला. त्या एका शब्दासाठी तुझं वर्ष गेलं. याची मला लाज वाटते. माफ कर असं म्हणायचं तोंडही नाही.

मूळचा तुकडा मी एकोणीस वर्षांचा असताना फुटला होता. बाभळीचा करून घेतला तेव्हाच तो मोठा झाल्याचं दिसलं होतं. म्हटलं, नंतर घासू. मग भरती झालो. म्हणजे तुझी सुई मी तेव्हापासूनच डावीकडं पाडून ठेवली होती.

यासोबत नवा तुकडा पाठवतोय. बाजारातून घेतलाय. स्टोअरमधल्या चांगल्या तुकड्याशी पट्टीनं मोजून बघितला आणि मग दात टेकवून बँडमधल्या दोघांबरोबर वाजवून बघितलं. सूर जुळत नसले की थरथर मागं-पुढं झोके घेते, जुळले की एकसारखी लागते. ती एकसारखी लागली.

एकतीस जानेवारीला मी निवृत्त होतोय. गावी येऊन काय करणार ते माहीत नाही. पुढचं तुझं तू ठरव. मला विचारू नकोस. सारजाला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला सोसणार नाही.

मामा

*

युसूफ वडगाव,
१९ ऑक्टोबर

मामांना सुकन्याचा नमस्कार.

पहिले चार दिवस मी तुमचं पत्र कुणाला दाखवलं नाही. तुमच्यावर फार चिडले होते. पाचव्या दिवशी भांडी घासताना रडायला लागले आणि आईनं माझ्या कमरेला खोचलेलं पत्र काढून घेतलं. तुमची अट मोडली, आता इलाज नाही.

आईनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मला दोन वरसं झाली कळून. मागं म्हैस मेली म्हनून फोनवर सांगितलं, तर म्हनला, वा वा, लई छान झालं. तवाच वळखलं." मी विचारलं, मग मला कावून न्हाई सांगितलंस? म्हणाली, "त्यानं लपीवलं हुतं. आपुन कशाला उघडं करायचं? मला वाटलं तुला तरी खरं लिहील." आणि मग ती डोळ्याला पदर लावून बसली. म्हणजे मला पत्र टाकायला तिनंच सांगितलं, ते यासाठी. मामा, या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त क्लॅरिनेट वाजवणारीला सोडून.

आता आबांचं ऐका. नवा तुकडा लावला. शेजारच्या धनश्रीच्या मोबाइलमध्ये तसलं सुईचं मशीन उतरवून घेतलं. सुई मधे उभी राहिली, अगदी ताठ. मी ओरडलेच. आबांनी ट्रम्पेट घेतला, माझ्याबरोबर एक स्वर धरला आणि तोंड वाकडं केलं. दोघांचं जुळेना. मी म्हटलं, आबा, आता तुमचं चुकलंय, इतकी वर्षं आपण खालीच वाजवत होतो. तर आबा शांतपणे म्हणाले, "ठावं हाय की."

मी क्लॅरिनेट खाली ठेवलं.

"देवळातल्या पेटीशी ते क्लारनेट कधीच जुळलं न्हाई," आबा म्हणाले. "अजिनाथनं तुकडा आनला त्याच दिशी कळलं हुतं."

"मग घासून बारीक कावून केला न्हाई?"

"त्यो भरती झाला. सुट्टीला आला की त्यालाच वाजवायला लागायचं. त्याचा हात त्या क्लारनेटवर बसलेला. म्हनलं, आपुन सगळे थोडे खाली येऊ. तिकडं परमुलखात असतोय, हितं आल्यावर त्याला परकं वाटू नये."

यासाठी अख्खा बँड बावीस वर्षं दाणाभर खाली. आणि तुम्ही सुट्टीला यायचंही सोडलंत, का ते आता कळलं. मी म्हटलं, आबा, पण मामांना आता ऐकू येत नाही. जुळलं काय आणि नाही जुळलं काय, त्यांना कळणार आहे का? आबा ट्रम्पेट पुसायला लागले. मग म्हणाले, "त्याला न्हाई कळायचं. पर मला कळल की."

तेव्हा असं ठरलंय. नवा तुकडा माझा. रोज सकाळी टाकीपर्यंत तो लावून चालते. पुढच्या वर्षी भरतीचा आणि नर्सिंगचा, दोन्ही अर्ज भरणार. ठरवणार मी, तुमचा निकाल घेणार नाही. पण ओठ आणि अंगठ्याचं विचारत राहीन, ते तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. मला तिथल्या नोकरीनं कान जाण्याची भीती वाटते का? वाटते. तुम्ही लिहिलंत म्हणून वाटते, आणि लिहिलंत हे बरं झालं. कानात घालायचं काही मिळतं का ते स्टोअरवाल्यांनी कळवावं.

बाभळीचा तुकडा आबांनी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलाय, फोटोजवळ. तो फक्त तुमच्यासाठी.

दिवाळी झाली की अर्धा बँड ऊसतोडीला जाईल, तुम्ही याल तेव्हा कुणीच परतलेलं नसेल. एसटी थांब्यावर आबा, मी आणि ढोलवाला माऊली, एवढेच असू. आबांनी ठरवलंय की तुम्हाला वाजवत घरी आणायचं, जुन्याच सुरात. मी सांगून बघितलं की मामांना आवडणार नाही, ते ऐकत नाहीत. तुम्ही ढोलावर तळवा ठेवून चाला. पावलं एकशेवीसच्या चालीनं टाकू नका, आमच्यासारखं सरका.

आणि काहीही झालं तरी आमच्याकडं बघून "पुरे, पुरे" म्हणून हात वर करू नका. आबा परत पहिल्यापासून धरतील, आणि आता त्यांचा दम पुरत नाही.

तुमची,
सुकन्या